बाटलीचा अर्थ

अनुश्री : आधी ती इस्त्री उचला बाबा. कोटाची बाही जळून राहिली.

दिवाकर : जळू दे. पाच वर्षांत या घरात काय काय जळलं, ते पाहाले आली होती का तू?

अनुश्री : तुम्हीच म्हणले होते, येऊ नको.

दिवाकर : म्हणलो होतो. मग आज कशी उगवली? तुझी आई घरी नाही. गोदावरीमावशीकडे गेली, तात्यापाऱ्यात. तुझा भाऊ तिथं लपून बसला आहे ना, त्याच्यासाठी पोळ्या घेऊन. लेखक झाले साहेब! मोठे निरंजनराव!

अनुश्री : मी तिथूनच आली. आईनंच सांगितलं, तुम्ही सहा वाजता केबलवर निवेदन वाचून राहिले म्हणून.

दिवाकर : वाचून राहिलो ना. साडेपाचले मराठी मंडळाचा शामराव गाडी घेऊन येतो. मंडळाचा कागद आहे, बेचाळीस सह्या आहेत. सगळ्यात वरची माझी.

अनुश्री : नका वाचू बाबा.

दिवाकर : काहून?

अनुश्री : तुमच्यापाशी मी कधी काही मागितलं नाही. लग्नात एक साडी पण नाही मागितली. आज मागून राहिली. नका वाचू.

दिवाकर : वा! भाऊ तोंडाले काळं लावून पळाला, आता बहीण आली वकिली कराले. तू पाहिला का तो तेरावा एपिसोड?

अनुश्री : पाहिला. घरी सगळेच पाहतात. दर गुरुवारी, साडेसातले.

दिवाकर : मी पण पाहतो. 'दाल कहो, वरण कहो'! पोट्टी मराठी, पोट्टा मुसलमान, अन दोन बाप वरणावरून भांडतात. बारा भाग मी मुकाट्यानं पाहिले. म्हटलं, पोट्ट्याचं पोट चालते, चालू दे. पण तेराव्यात काय केलं त्यानं? तो मराठी बाप, चष्मा माझ्यासारखा, मफलर माझ्यासारखं, दारात उभा राहून म्हणते, "आमची पोट्टी बाटली!" तो दुसरा बाप म्हणते, "बोतल? मेरी बहू को बोतल कहा?" अन आपलं ते मराठी ध्यान काय म्हणते? "बोतल नहीं जी, अत्तर की शीशी!" हसलं सारं रायपूर. मी या खुर्चीत बसल्या जागी मेलो.

अनुश्री : तुमचं नाव नव्हतं त्याच्यात.

दिवाकर : नाव कायले पाहिजे? पाच वर्षांआधी याच वऱ्हांड्यात उभा राहून मी म्हणलो होतो. अर्ध्या चौबे कॉलनीनं ऐकलं. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

अनुश्री : मी होती ना तिथं. मले माहीत आहे कोण हसलं, कोण नाही.

दिवाकर : मग? सकाळपासून तीन मोर्चे निघाले. तुमच्याकडची पोरं म्हणतात, आमच्या बहूले दारूची बाटली म्हणलं. झेंडेवाले म्हणतात, असली लग्नं टीव्हीवर दाखवूच नका. अन आपले मराठी म्हणतात, घरातला शब्द चव्हाट्यावर काहून आणला. शब्द एक, अन तिघांच्या कानात तीन बाटल्या! राजधानी झाल्यापासून या गावात मोर्चाले माणसं कमी पडत नाही. केबलच्या ऑफिसची काच फोडली, निरंजनच्या स्कूटरची सीट फाडली. ठाणेदार म्हणला, समाजातल्या कोण्या बुजुर्ग माणसानं कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलावे, माफी मागावी, सिरियल बंद झाली म्हणून सांगावं. लोकं शांत होतील अन पोट्टा घरी येईल. मले काय हौस आहे का पावडर लावून बसायची?

अनुश्री : माफी मागा. सिरियल बंद करा. मी त्याच्यासाठी नाही भांडत. माझा पण जीव जळून राहिला त्याच्यावर. पण कागदातलं ते चौथं वाक्य काढा.

दिवाकर : कोणतं चौथं?

अनुश्री : आईनं मले वाचून दाखवलं. वाचा तुम्हीच.

दिवाकर : चष्मा कुठं... हां. "बाटली या शब्दाचा अर्थ परधर्मात गेल्याने भ्रष्ट झालेली स्त्री असा असून, अशा गंभीर शब्दाची थट्टा करून सदर मालिकेने..." मग? खोटं काय आहे याच्यात?

अनुश्री : खोटं काही नाही. तेच तर.

दिवाकर : अन हिंदीत पण वाचायचं आहे. ठाणेदार म्हणला, दोन्ही भाषेत वाचा, सगळ्यायले समजलं पाहिजे.

अनुश्री : म्हणूनच धावत आली मी. माझ्या सासऱ्यांना समजायला नको.

दिवाकर : त्यायले काय समजायला नको?

अनुश्री : बाटली म्हणजे काय ते.

दिवाकर : म्हणजे? ते तर त्या दिवशी इथंच होते. तुम्ही दोघं कोर्टातून आले, अन ते मिठाईचा डबा घेऊन फाटकापाशी उभे होते.

अनुश्री : होते. तुम्ही जोरात म्हणले अन दार लावून घेतलं. आम्ही रिक्षात बसलो. नईम, माझा नवरा, मिठाईचा डबा मांडीवर घेऊन बसला. अब्बूंनी मले विचारलं, "बेटा, ये बाटली क्या बोले तुम्हारे पापा?" मी काय सांगणार होती बाबा? नव्या सासरचा पहिला रस्ता होता तो. मी म्हणली, "शीशी, अब्बू. अत्तर की शीशी. हमारे यहाँ लाडली बेटी को बोलते हैं. वो चली जाती है तो घर की खुशबू चली जाती है."

दिवाकर : काय?

अनुश्री : ते म्हणले, "फिर दरवाज़ा क्यों बंद किया?" मी म्हणली, "रोना आ गया था उनको."

(दिवाकररावांनी आयुष्यात नाना प्रकारचे शब्द ऐकून घेतले होते, सत्तावीस वर्षं ते रेल्वेत गार्ड होते, फुकट्या प्रवाशांच्या शिव्यासुद्धा त्यांना पाठ होत्या. पण न केलेल्या मायेचं श्रेय आपल्या खात्यावर पाच वर्षं पडून आहे, हे ऐकून त्या माणसाला आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे तो नुसता इस्त्रीची वायर गुंडाळत बसला.)

दिवाकर : मले न विचारता मले चांगला करून टाकला तू?

अनुश्री : दुसरं काय करू?

दिवाकर : अन निरंजनले कोणी सांगितलं हे?

अनुश्री : मीच. भाऊबीजेले. हसत हसत सांगितलं, अन पोट्ट्यानं उचलून टीव्हीवर लावलं. मले विचारलं पण नाही. माझ्या मुठीतली एक गोष्ट होती, ती पण गेली.

दिवाकर : अन तुझ्या सासऱ्यानं विश्वास ठेवला?

अनुश्री : ठेवला म्हणजे? आमच्या बैजनाथपाऱ्यात असं एक लग्न होत नाही की जिथं ते सांगत नाहीत. "हमारी बहू के वालिद ने ऐसी बात कही कि हम लोग तो मुँह देखते रह गए." माझ्या नणंदेच्या लग्नात बायका विचारत होत्या, बहूच्या माहेरचं कोणीच काहून नाही आलं? अब्बू उठून म्हणले, "जिसने अत्तर की शीशी दे दी, उससे और क्या माँगोगे?" त्या घरात माझ्या बापाची इज्जत आहे बाबा. म्हणून माझी आहे.

दिवाकर : ईदले डबा येते त्यांचा. शेवयांचा.

अनुश्री : हो. अन तुम्ही धुऊन परत पाठवता. रिकामा.

दिवाकर : मग काय करू? खाऊ?

अनुश्री : रिकामा डबा कोणी परत करते का बाबा? आई शेजारच्या वाटीत पण दोन दाणे साखरेचे टाकून देते. मावशीकडून तो डबा घेतला की मी रस्त्यात थांबून दुकानातून चिवडा भरते, अन घरी सांगते, बाबांनी पाठवला. पाच ईदा झाल्या.

दिवाकर : हे... हे नाही चालणार. मी वाचीन.

अनुश्री : बाबा!

दिवाकर : वाचीन म्हणलो ना! सत्तावीस वर्षं झेंडी धरली मी. लाल म्हणजे लाल, हिरवी म्हणजे हिरवी. मी जे बोललो ते बोललो. कोण्या परक्या माणसाच्या घरात मी खोटा चांगला होऊन राहायचं? तो माणूस चारचौघांत माझी तारीफ करून राहिला, अन मी इथं बसून त्याचा डबा धुऊन पाठवून राहिलो! मले आजच माहीत झालं, अन आजपासून मले अन्न गोड लागणार नाही. नाही. जे खरं आहे ते कळू दे त्यायले.

अनुश्री : तुमचं खरं तुम्ही सांगून मोकळे व्हाल. राहायचं मले आहे. उद्या सकाळी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवायचा आहे मले. ते विचारतील, बेटा, पाँच साल झूठ बोली? काय सांगू?

दिवाकर : सांग, बाप असा होता.

अनुश्री : तेच तर नाही सांगितलं जात ना! इतकी वर्षं नाही सांगितलं गेलं. तुमच्यावर राग येते, खूप येते. कधी कधी वाटते, सांगून टाकावं सगळं. पण तोंड उघडलं की अत्तरच निघते.

दिवाकर : ... तू कशी आली इकडे? नईमसोबत?

अनुश्री : नईम सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्युटीवर आहे. अब्बूंनी आणलं स्कूटरवर. आईला भेटायचं आहे म्हणून सांगितलं. तात्यापाऱ्यातून इथं पण त्यांनीच आणलं. कोपऱ्यावर उभे आहेत, कडुनिंबाखाली.

दिवाकर : इथं? आता?

अनुश्री : हो. ते नाही येणार आत. तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणतात.

रशीद : माफ़ करना बेटा, आना पड़ा. आदाब, दिवाकर साहब. फाटक खुला था.

अनुश्री : अब्बू! मैं आ ही रही थी.

रशीद : चौक पे भीड़ जमा हो रही है. टायर-वायर जला रहे हैं. थोड़ी देर में रास्ता बंद हो जाएगा. तुमको पीछे की गली से निकालना पड़ेगा. साहब, दो मिनट में चले जाएँगे हम लोग.

दिवाकर : बसा... बैठिए.

रशीद : नहीं, ठीक है. ये कागज़ आज वाला है? शाम को आप पढ़ने वाले हैं, सुना.

अनुश्री : अब्बू, वो मराठी में है. आपको नहीं समझेगा. मुझे दीजिए.

रशीद : देखने तो दो. "बाटली या शब्दाचा अर्थ परधर्मात गेल्याने भ्रष्ट झालेली..." अच्छा लिखा है. किसने लिखा?

दिवाकर : शामरावनं.

अनुश्री : अब्बू, मैं बताती हूँ. घर चलिए, मैं सब बताती हूँ...

रशीद : काय सांगशील बेटा? मले माहीत आहे.

अनुश्री : अब्बू... तुम्ही मराठी बोलून राहिले?

रशीद : स्टेशनाजवळ तीस वर्षं दुकान होतं माझं. रेल्वेवाल्यायचे कोट शिवले. अर्धे गिऱ्हाईक नागपूर, वर्धा, बडनेऱ्याचे. समोर उभे राहून, मले समजत नाही असं समजून, बायकोपाशी माझ्याच शिलाईले नावं ठेवत. एवढा शब्द नाही कळणार मले?

अनुश्री : मग कधी... कधीपासून माहीत होतं?

रशीद : फाटकावरच. कानात पडला तेव्हाच.

अनुश्री : मग रिक्षात मले काहून विचारलं?

रशीद : चूक झाली. मले वाटलं, तू रडशील, रागावशील, बापाले दोन शिव्या देशील, मन हलकं होईन. म्हणून विचारलं. अन तू अत्तर काढलं. हातातल्या बांगड्या वाजून राहिल्या होत्या तुझ्या, अन तोंडानं अत्तर सांगून राहिली होती. मी म्हणलं, रशीद मियाँ, आता दोनच कामं आहेत. या पोट्टीले खोटी पाडायचं, नाही तर खरी करायचं.

अनुश्री : म्हणून सगळ्या लग्नांत...

रशीद : गोष्ट आपणच सांगत राहिलं की दुसरा कोणी विचारत नाही. मी अर्थ सांगून सांगून पक्का करून टाकला. आमच्या मोहल्ल्यात आता कोणाले विचार, बाटली म्हणजे अत्तरच सांगतील. हे आजचे पोट्टे बाहेरचे होते, म्हणून दारू समजले.

अनुश्री : अन चिवडा?

रशीद : चिवडा दुकानाचा होता. घरच्या चिवड्यात इतकी साखर कोण टाकते? पण चांगला होता.

दिवाकर : रशीदभाई.

रशीद : जी.

दिवाकर : तुम्हाले राग नाही आला?

रशीद : आला ना. झूठ नहीं बोलूँगा. दोन दिवस जेवण गेलं नाही. वाटलं, येऊन तुमची कॉलर पकडावी. अजून पण आहे थोडा. शेवया पाठवतो, त्याच्यात राग पण पाठवतो साहब. म्हणतो, पाहू तरी, हा माणूस किती वर्षं डबा रिकामा पाठवते.

दिवाकर : मग मले माफ नाही केलं तुम्ही.

रशीद : मी कोण माफ करणारा? शब्द माझ्यावर कुठं फेकला होता तुम्ही? ही उभी आहे.

अनुश्री : राहू द्या अब्बू. चला, रस्ता बंद होईल.

दिवाकर : थांब अनु. राहू काय द्या? मी त्या दिवशी बोललो ते रागात बोललो असं तुझी आई पाच वर्षं म्हणून राहिली. रागात नव्हतो मी. पुरा विचार करून बोललो होतो. पाहिलं मी, शेजारच्या वऱ्हांड्यांत कोण कोण उभं आहे, देशपांडे आहे, मिश्राजी आहे, अन मग बोललो. लोकायनं ऐकावं म्हणून बोललो. माझी मान वर राहिली पाहिजे, पोट्टीचं काय व्हायचं ते होवो. असा बोललो. लई वाईट बोललो मी.

अनुश्री : बाबा...

दिवाकर : अन रोज सकाळी दूधवाला आला की वाटते, तू होती तेव्हासारख्या दोन पिशव्या घ्यायच्या का एक. पाच वर्षांत माझी ती सवय गेली नाही. हे पण लोकायले कधी सांगितलं नाही मी.

रशीद : गाडी का हॉर्न है शायद.

दिवाकर : शामराव आला.

रशीद : आप जाइए साहब. कागद वाचा, आहे तसा वाचा. चौथं वाक्य पण वाचा. आता माझ्यापासून लपवायचं काही राहिलं नाही. तुमचा पोट्टा सुखरूप घरी आला पाहिजे, ते मोठं आहे.

अनुश्री : अन घरच्यांना? अम्मीला, नणंदेला? त्यांना काय सांगायचं अब्बू?

रशीद : मैं हूँ ना.

दिवाकर : नाही. कागद ठेवा तिथंच, टेबलावर. मी कागद वाचून नाही राहिलो.

अनुश्री : म्हणजे? जाणार नाही?

दिवाकर : जाईन. बिना कागदाचा जाईन. बेचाळीस सह्यांचं मी काय करू? यांच्यापैकी कोणी तो शब्द बोललं होतं का? निरंजन बोलला का? पोट्ट्यानं ऐकलेलं लिहिलं, तेही गोड करून लिहिलं. बोललो मी. कॅमेऱ्यासमोर बसून सांगतो, तो पडद्यावरचा बाप मी आहे. शब्द माझा आहे. अर्थ वाईटच होता, अन पोट्टीनं तो झाकला. माफी मागायची आहे ना? मग ज्यानं खाल्ली माती, त्यानंच चूळ भरावी. तिच्या सासरी आज एक गोष्ट नवी कळेल, की बाप वाईट बोलला होता. मग दुसरी पण कळू दे, की बापानं सगळ्या रायपूरसमोर माफी मागितली.

रशीद : लोक हँसेंगे, साहब. मंडळवाले नाराज होतील. दगड पण मारतील कोणी.

दिवाकर : मारू देत. मालगाडीच्या डब्यात बसून लई दगड खाल्ले मी. अन हसणाऱ्यायचं म्हणाल, तर गुरुवारी हसलेच की.

अनुश्री : मी येते तुमच्यासोबत.

दिवाकर : नाही. भीड आहे तिथं. तू इथं बस. चहा टाक यांच्यासाठी, कव्हाचे बाहेर उभे होते. पत्ती वरच्या फळीवर आहे, पितळी डब्यात. आईले फोन कर मावशीकडे, म्हण, टीव्ही लावा.

रशीद : मग मी निघतो. बेटा, मैं कोने पे...

दिवाकर : कुठं निघता? रस्ता बंद आहे, तुम्हीच सांगून राहिले. बसा. त्या खुर्चीत नका, तिचा पाय हालते, माझ्या खुर्चीत बसा. सहा वाजता तिथूनच पाहा. चुकून काही भलतंच बोललो, तर आल्यावर सांगा.

रशीद : बाही जळली आहे कोटाची. दोन टाके घालून देऊ का?

दिवाकर : आता वेळ नाही. आल्यावर घाला. आलो शामराव, आलो! ओरडू नका... हो, कागद नाही घेतला. चाला, गाडीत सांगतो. ...काय? हो, माहीत आहे मले, वातावरण खराब आहे. ...नाही, कुलूप नाही लावत. कायले लावू? घरात व्याही बसले आहेत.